कामगाराचा वेळ कोणाचा?

टाइम, टार्गेट आणि मोटिव्हेशन हे तीन शब्द आता आपल्या घराघरांत रुळले आहेत. पहाटेची विरार-चर्चगेट लोकल पकडून अंधेरी किंवा नरिमन पॉइंट गाठणाऱ्या आपल्या मुलामुलींना ते रोज ऐकावे लागतात. वसई पूर्वेला एखाद-दुसरा गाळा घेऊन पिशव्या, साचे किंवा प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या आपल्या बांधवांनाही ते आता चुकत नाहीत. वेळेचे नियोजन कसे करावे, ध्येय कसे ठरवावे, हाताखालच्या माणसांचा उत्साह कसा टिकवावा, यासाठी कंपन्या शिबिरे भरवतात, आणि त्याच विषयावरची पुस्तके स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरही मिळतात.

या विद्येत मुळात वाईट काही नाही. वेळ वाया घालवणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, आणि हाताखालच्या माणसाला उत्साहाने काम करता यावे असे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो शिबिरात सहसा कोणी विचारत नाही. माणूस कामावर ठेवला म्हणजे मालकाने नेमके काय विकत घेतले? त्याचे आठ तास? त्या आठ तासांतले श्रम? की आठ तासांपुरता तो माणूसच? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल, पण आपण कामगाराशी कसे वागतो ते याच्या उत्तरावरच ठरते.

वेळेला घड्याळ लावून कामाचे शास्त्र बनवणारा माणूस म्हणजे अमेरिकेचा फ्रेडरिक टेलर. त्याचे प्रसिद्ध पुस्तक १९११ साली निघाले. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात मजूर लोखंडाचे जड ठोकळे उचलून रेल्वेच्या वाघिणीत भरत. एक माणूस दिवसाला सुमारे साडेबारा टन भरत असे. टेलरने स्टॉपवॉच घेऊन हिशेब मांडला, कधी उचलायचे, कधी चालायचे, कधी बसून विश्रांती घ्यायची हे ठरवून दिले, आणि त्याच्याच सांगण्यानुसार एका मजुराकडून दिवसाला सत्तेचाळीस टनांच्या आसपास माल भरून घेतला. त्या मजुराची रोजी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक.

टेलर दुष्ट नव्हता, हे सांगितले पाहिजे. मजुराला जास्त पैसे मिळावेत असे त्याला खरोखर वाटत होते, आणि विश्रांतीचे महत्त्व त्याने बऱ्याच मालकांपेक्षा अधिक ओळखले होते. मात्र विचार करण्याचे काम ऑफिसातल्या माणसाचे आणि मजुराने फक्त सांगितल्याप्रमाणे हात हलवायचे, अशी त्याची वाटणी होती. विश्रांतीसुद्धा त्याने मजुराला दिली ती यंत्राला तेल द्यावे तशी. आज मोटारसायकलवरून खाण्याचे डबे पोहोचवणाऱ्या तरुणाच्या मोबाइलवर मिनिटे उलटी मोजली जातात, तेव्हा टेलरचे स्टॉपवॉच त्याच्या खिशात येऊन बसले आहे असेच म्हणावे लागते.

पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत आणि रसायनाच्या कारखान्यात मजूर होते. १९८१ साली त्यांनी मानवी श्रमावर ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ हे परिपत्रक लिहिले, ते पुस्तके वाचून आलेल्या माणसाचे नाही. श्रमाची किंमत आधी कशावरून ठरवायची, असा प्रश्न त्यात आहे. काय तयार झाले यावरून नव्हे, तर ते कोण तयार करतो यावरून, असे त्यांचे सांगणे आहे. काम करणारा माणूस आहे, म्हणून कामाला मोल आहे. हे मान्य केले की आपल्या प्रश्नातला तिसरा पर्याय बाद होतो. आठ तासांपुरताही माणूस विकत घेता येत नाही.

आता वेळेचे नियोजन. पवित्र शास्त्रात त्याचा एक फार चांगला पाठ आहे, आणि तो शिकवणारा माणूस इस्राएली सुद्धा नाही. मिद्यानचा याजक इथ्रो आपल्या जावयाला, म्हणजे मोशेला, भेटायला रानात येतो (निर्गम १८). पाहतो तर मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसलेला आणि लोक रांगेत ताटकळत उभे. सासऱ्याने एका दिवसात दुखणे ओळखले. हे बरे नव्हे, अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील, असे त्याने स्पष्ट सांगितले. हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेम, लहान तंटे त्यांना मिटवू दे, मोठा प्रश्न तेवढा तुझ्याकडे येऊ दे.

कामाची वाटणी करा, असा याचा अर्थ शिबिरातला वक्ताही सांगेल. पण इथ्रो कोणती माणसे निवडायला सांगतो ते पाहावे. कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, विश्वासू आणि लाचेचा तिटकारा असलेली. या चारांतला एकच गुण कामाच्या हातोटीचा आहे, बाकीचे तीन चारित्र्याचे आहेत. कारण दुसऱ्याला काम सोपवणे म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणे. आपल्याकडे गाळ्याच्या सगळ्या चाव्या स्वतःच्या कमरेला, प्रत्येक बिलावर स्वतःची सही, आणि मग ‘मला श्वास घ्यायला वेळ नाही’ अशी तक्रार करणारे मालक पुष्कळ दिसतात. त्यांना डायरी किंवा मोबाइलमधले नवे ॲप देऊन उपयोग नाही. वीस वर्षे हाताखाली असलेल्या माणसावर जर अजून विश्वास टाकता येत नसेल, तर अडचण वेळेची नाही. आणि त्या माणसालाही वीस वर्षांत हे कळून चुकलेले असते. त्याचा उत्साह मग कोणत्या भाषणाने वाढणार?

ध्येयाविषयी प्रभू येशूने सांगितलेले दोन दाखले लूकच्या शुभवर्तमानात अगदी जवळजवळ आहेत. एकात, बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, कारण पाया घालून काम अर्धवट राहिले तर लोक हसतील (लूक १४:२८-३०). दुसऱ्यात, एका धनवानाला अमाप पीक येते. जुनी कोठारे पाडून मोठी बांधू, असा बेत तो करतो, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो (लूक १२:१६-२१). दोघेही नियोजन करतात. पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याला मूर्ख म्हटले जाते. पुष्कळदा प्रवचनात ऐकतो की दुसऱ्याचा दोष म्हणजे त्याने उद्याचा विचार केला. मला तसे वाटत नाही. त्याच्या बोलण्यात माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव, असे सगळे माझेच आहे. तो पूर्ण वेळ स्वतःशीच बोलतो. एवढे पीक काही त्याने एकट्याने कापले नसणार. कापणीला आलेले मजूर त्या बेतात कुठेच नाहीत.

संत इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात एक पद्धत सांगितली आहे, ती आजच्या मॅनेजरलाही ओळखीची वाटेल. एक विशिष्ट दोष निवडायचा, दिवसातून दोनदा स्वतःची झडती घ्यायची, आणि जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके ओळीवर मांडायचे. मग सकाळची ओळ संध्याकाळच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. सोळाव्या शतकातला हा तक्ता म्हणजे टार्गेटचा चार्टच. फरक एवढाच की त्या साधनेच्या आरंभी इग्नाशियस माणसाला आधी विचारतात, तुला निर्माण कशासाठी केले आहे? ते ठरले की बाकीच्या वस्तू त्यासाठी जितक्या उपयोगी तितक्या घ्यायच्या, जितक्या अडथळा करतील तितक्या सोडायच्या. कंपनीचा चार्ट या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच छापून देतो आणि रिकाम्या जागेत फक्त आकडा भरायला सांगतो. नव्या वर्षाची ध्येये लिहिताना आपल्यापैकी किती जण पहिल्या ओळीपासून लिहितात, हे ज्याचे त्याने पाहावे.

सर्वांत अवघड भाग उत्साहाचा, मोटिव्हेशनचा आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात काही प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का, हे तपासायचे होते. उजेड वाढवला तेव्हा काम वाढले, पण कमी केला तेव्हाही वाढले. त्याचा अर्थ पुढे असा लावला गेला की उजेडापेक्षा, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे, या जाणिवेने कामगारांना हुरूप आला. त्या आकड्यांवर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. १९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गच्या सुमारे दोनशे इंजिनियर व हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून आणखी एक गोष्ट मांडली. पगार कमी, साहेब खडूस, कामाची जागा वाईट, यांनी माणूस नाराज होतो. पण हे सगळे सुधारले म्हणून तो आपोआप खूश होत नाही. समाधान मिळते ते काम तडीस नेल्याचे, त्याची दखल घेतली गेल्याचे, जबाबदारी मिळाल्याचे.

हे वाचून कोणता मालक शहाणा होणार नाही? कामगाराला नावाने हाक मारा, त्याच्या मुलाच्या दहावीचा निकाल विचारा, चारचौघांत पाठ थोपटा. पगार न वाढवता काम वाढेल! इथेच ख्रिस्ती विवेकाने थोडे थांबावे. कौतुक हे काम काढून घेण्याचे साधन झाले तर ते कौतुक उरते का? गळाला लावलेला गांडूळ माशाला खाऊच वाटतो. कोणी म्हणेल, हेतू काहीही असो, माणसाला चांगली वागणूक मिळाली ना? मिळाली, आणि वाईट वागणुकीपेक्षा ती बरीच. पण आपला हेतू तपासायची एक सोपी रीत आहे. ज्याचे काम आता वाढणार नाही, अशा माणसाशी आपण कसे वागतो? नजर अधू झालेला जुना कारागीर, आजारातून उठलेली बाई, निवृत्तीला सहा महिने उरलेला शिपाई. त्यांच्या मुलांची नावे आपल्याला आठवतात का? तिथे जर आपली विचारपूस आटली असेल, तर आधीची विचारपूस कशाची होती ते उघड आहे.

द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०:१-१६) या प्रश्नाच्या गाभ्याला हात घालतो, आणि व्यवस्थापनाच्या वर्गात मांडला तर तो नापास होईल. पहाटे आलेल्यांना एक दिनार, नवव्या ताशी आलेल्यांना एक दिनार, आणि शेवटचा तास राहिला असता आलेल्यांनाही एक दिनार. उन्हातान्हात राबलेले कुरकुर करतात. खरे सांगायचे तर आपणही केली असती. उद्या सगळेच संध्याकाळी पाच वाजता येतील, शिस्त राहणार नाही, चांगल्या कामगाराचे मन मोडेल, हे आक्षेप खोटे नाहीत. हा दाखला मुळात देवाच्या राज्याविषयी आहे, पगारवाटपाचा नियम म्हणून तो सांगितलेला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तरीसुद्धा त्यातला मालक काय करतो ते टाळून पुढे जाता येत नाही. तो नाक्यावर पाच वेळा स्वतः जातो. शेवटी उभे असलेल्यांना आळशी न म्हणता, दिवसभर इथे का उभे राहिलात, असे विचारतो. उत्तर येते, आम्हांला कोणी कामाला लावले नाही. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, त्यावर घरची चूल पेटायची. तासाच्या हिशेबाने अर्धीमुर्धी नाणी दिली असती, तर न्याय झाला असता आणि पोरे उपाशी झोपली असती. आणि पहिल्यांनाही त्याने ठरलेल्यापेक्षा एक पैसा कमी दिलेला नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले, त्यात हाच धागा आहे. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने ठरवली म्हणून मजुरी न्याय्य होत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल एवढी ती असलीच पाहिजे. गरजेपोटी कमी पैशांना हो म्हटलेल्या माणसाचा होकार हा पूर्ण होकार नसतो, हे ख्रिस्तसभेने तेव्हा जगाला सांगितले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच परिपत्रकाचा उल्लेख केला आणि यंत्रबुद्धीच्या आजच्या काळात श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे असे म्हटले.

‘रेरुम नोवारुम’मध्ये रविवारच्या विश्रांतीचाही आग्रह आहे. आपल्या मुंबईत तो लढा त्याच्या आदल्याच वर्षी जिंकला गेला होता, आणि तो जिंकणारे ख्रिस्ती नव्हते. महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. गिरणीत कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत असे आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. अर्ज, सभा, पुन्हा अर्ज, असे सहा वर्षे चालले. शेवटी १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी मिस्सेला जाऊन, दुपारी जेवून आपण निवांत पडतो, त्यामागे इंग्रज साहेबाच्या चर्चइतकेच लोखंडे आणि त्या अनाम गिरणी कामगारांचे कष्ट आहेत. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना हे नाव सांगितले जावे, असे मला फार दिवसांपासून वाटते.

सर्वांनाच अजून रविवार मिळत नाही. विजेचा भार वाटला जावा म्हणून महाराष्ट्रातल्या काही औद्योगिक पट्ट्यांत सुट्टीचा वार वेगळा, कुठे गुरुवार तर कुठे शुक्रवार. अशांसाठी शनिवार संध्याकाळची मिस्सा असते. मॉलमध्ये, इस्पितळात, हॉटेलात काम करणाऱ्यांचा तर वार दर आठवड्याला बदलतो. वार कोणता हा मुद्दा नाही. सात दिवसांतला एक दिवस विक्रीला ठेवलेलाच नाही, हा मुद्दा आहे. अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा देताना देव घरधन्याबरोबर त्याचा दास, दासी, बैल, गाढव आणि दाराशी आलेला परका यांचीही नावे घेतो, आणि तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, असे कारण देतो (अनुवाद ५:१४-१५). आपण कोणाच्या तरी हाताखाली राबलो आहोत, म्हणून आपल्या हाताखालच्याला विसावा.

हे कारण आपल्याला फार जवळून लागू पडते, कारण आपल्यातले बहुतेक जण नोकरही आहेत आणि मालकही. रविवारी दुपारी साहेबाचा व्हॉट्सॲप आला की आपण चिडतो. पण धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी महिन्यात तीन खाडे केले की पैसे कापतो. आपल्याला पीएफ, ग्रॅच्युइटी, आजारपणाची रजा हवी, ती मिळालीही पाहिजे. मावशी तापाने आडव्या पडल्या तर त्यांच्या रजेला आपण ‘दांडी’ म्हणतो. वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी मजुराला ‘सुटे नाहीत, उद्या ये’ असे सांगताना, मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी ही आज्ञा (अनुवाद २४:१५) क्वचितच आठवते. त्याची चूल उद्या पेटणार नसते, आज संध्याकाळी पेटायची असते.

उलट बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मालकाने माणूस विकत घेतलेला नाही, पण कामाचे तास त्याने पैसे मोजून मागितले आहेत. कार्ड पंच करून चहाच्या टपरीवर तास काढणे, कामाच्या वेळेत मोबाइलवर मॅच पाहणे, साइटवर जाऊन आल्याचा खोटा रिपोर्ट लिहिणे, ही चोरीच आहे. संत पौल दिवसरात्र हाताने काम करत, कोणावर भार पडू नये म्हणून, आणि आळशांना त्यांनी थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात चांगलेच खडसावले आहे. कामगाराच्या प्रतिष्ठेत त्याचा प्रामाणिकपणा धरलेला आहे. उत्साह टिकवण्याची सगळी जबाबदारी साहेबावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. साहेब कौतुक करत नाही म्हणून वेल्डिंग कच्चे ठेवले, तर तुटल्यावर लागायचे ते तिसऱ्याच कोणाला.

गाळा चालवणाऱ्या एका गृहस्थांशी या विषयावर बोलणे झाले. ते म्हणाले, “तुमचे बायबल मान्य, पण शनिवारी रात्री ऑर्डर येते आणि सोमवारी सकाळी माल हवा असतो. नाही म्हटले तर पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात. आणि माझी पोरे उत्तर प्रदेशची आहेत, त्यांनाच ओव्हरटाइम हवा असतो, गावी पैसे पाठवायचे असतात. मग मी रविवार बंद ठेवून कोणाचे भले करतो?” प्रश्न खरा होता. रविवार बंदच ठेवा, असे ठोकून सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

त्यांनी स्वतःच काढलेली वाट मात्र मला पटली. वर्षातले दहा महिने रविवार बंद. दिवाळी आणि नाताळाच्या हंगामात अडले तर प्रत्येकाला एकेकट्याने विचारायचे, सगळ्यांसमोर नाही, म्हणजे लाजेखातर कोणी हो म्हणत नाही. येणाऱ्याला दुप्पट मजुरी आणि त्याच आठवड्यात बदली सुट्टी. स्वतःही त्या दिवशी गाळ्यात हजर राहायचे, सकाळची पहिली मिस्सा करून. पहिल्या वर्षी एका मुलाने नाही म्हटले. त्याची खोलीवरची कपडे धुवायची राहिली होती आणि दुपारी त्याला झोपायचे होते, एवढेच कारण. बाकीचे महिनाभर पाहत होते, याचे पुढे काय होते म्हणून. तो मुलगा अजून त्यांच्याकडे आहे, आणि आता गाळ्याची दुसरी चावी त्याच्याकडे असते.